टोपलीखालचा चेहरा

१

इरिनीने रविवारी सकाळी अत्तारिन भागातल्या फोटो स्टुडिओचं दार उघडलं, तेव्हा हातिम वेताच्या खुर्चीत बसला होता आणि त्याच्या डोक्यावर कोळ्याची टोपली उपडी घातलेली होती. इरिनी दचकली नाही. त्याच्याकडे मदतनीस म्हणून लागल्यापासून तिने त्याला कांद्यांनी भरलेल्या टबात झोपलेलं पाहिलं होतं, ट्रामची घंटा दातांत धरून जिना चढताना पाहिलं होतं. तिने पडदे सारले, "उस्ताद, चहा टाकू का?" म्हणून विचारलं, आणि उत्तर आलं नाही तरी चहा टाकला. ग्लास त्याच्या हातात द्यायला गेली, तेव्हा हात थंडगार लागला.

"तांत, मी मेलेल्या माणसासाठी साखर ढवळत होते हो," असं ती नंतर मला म्हणाली आणि हसायला लागली. ते हसू थांबवायला मला तिच्या तोंडावर पाणी मारावं लागलं.

त्याच्या डाव्या हातात तेलाचा दिवा होता, तेल संपून विझलेला. डाव्या पायात बूट होता, उजवा पाय अनवाणी. शेजारच्या मेजावर झोपेच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पडली होती. समोर तिपाईवर कॅमेरा. पोलीस आले, त्यांनी भिंतीवरचं पोस्टर पाहिलं आणि त्यांचं काम तिथेच संपलं. कारण पोस्टरवर हातिमचं सगळ्यात गाजलेलं फोटोचित्र होतं, त्याचं स्वतःचं: वेताची खुर्ची, डोक्यावर टोपली, डाव्या हातात दिवा, उजवा पाय अनवाणी. कलावंत माणूस, डोक्याने जरा सैल, स्वतःचंच चित्र होऊन मेला. पेपरवाल्यांनाही हे फार आवडलं.

मी इन्शिराह, या पोरांची तांत, म्हणजे मानलेली मावशी. जन्मभर या अलेक्झांड्रियात फौजदारी वकिली केली. आता गुडघे गेले, जीभ तेवढी शाबूत आहे. हातिमची आई हाज्जा सनिय्या मुहर्रम बे या भागात माझ्याच खालच्या मजल्यावर राहते. दफन झालं, शोकाच्या शेवटच्या दिवशीचे लोक कडू कॉफी पिऊन निघून गेले, तेव्हा तिने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावलं.

"इन्शिराह, मला एकच गोष्ट हवी आहे," ती म्हणाली. "शुक्रवारी तो जेवायला आला होता. नागी पण होता. मी ताट वाढलं तर म्हणतो, नागीच्या हातचं मी पाणीसुद्धा पिणार नाही. सख्ख्या भावाला! का, ते सांगेना. मी म्हटलं, मग चालता हो, पुन्हा मला तोंड दाखवू नकोस."

ओट्यावर निळ्या काठाचं एक भांडं पालथं घातलेलं होतं, त्याच्यावरून तिने बोट फिरवलं.

"शनिवारी मी नमतं घेतलं. तर त्याने भांडंसुद्धा परत पाठवलं. आणि रविवारी तोंड झाकून मेला. मला तोंड दाखवायचं नाही म्हणून. तू एवढं शोधून दे. पोरगा माझ्या बोलण्याने गेला का?"

सनिय्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मुलगा गेल्यापासून ती रडलीच नव्हती. मला भीती वाटली ती याचीच.

२

तपास करणारा अधिकारी इहाब. तो शिकाऊ होता तेव्हापासून मी त्याला कोर्टात उलटतपासणीत घाम फोडत आले आहे, त्यामुळे तो मला घाबरतो आणि माझ्यावर प्रेमही करतो. वकीलबाईंना म्हणतात तसं 'उस्ताझा' म्हणतो. त्याने फोनवरचे फोटो मला दाखवले.

"उस्ताझा, यात काही नाही. तुमची शपथ. दार फोडलेलं नाही, झटापट नाही. पोटात झोपेचं औषध आणि थोडा गोड दूध-भात. मरायच्या आधी पुष्कळ जण गोड खातात, तुम्हाला काय सांगायचं!"

"आणि कॅमेरा?"

"कॅमेऱ्यात फिल्मच नव्हती. शुद्ध हरपत असताना कुठली फिल्म घालतोय बिचारा!"

मी त्याच्या फोनवरचा फोटो पोस्टरशी ताडून पाहिला. तसूभर फरक नव्हता. दिवा, पाय, टोपलीचा कललेला कोन, सगळं जिथल्या तिथे. मला काहीतरी खुपलं, पण काय ते कळेना. इहाबला वाटलं म्हातारीला भोवळ आली. त्याने खुर्ची दिली.

स्टुडिओत मी पूर्वी एकदाच गेले होते, हातिमने माझं चित्र काढलं तेव्हा. वरच्या मजल्यावरची मोठी खोली, छताला पोपडे, एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत जुन्या हॉटेलातून आणलेला आरसा. या पोराचे वडील ओळखपत्राचे फोटो काढायचे. नाक सरळ, कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही. लहानपणी तो दिवसभर ते चेहरे पाण्यात धुवायचा. "तांत, ओळखपत्रात माणूस दिसतो पण कळत नाही," तो म्हणायचा. "चेहरा काढून घ्या आणि तिथे त्याची वस्तू ठेवा, मग कळतो." म्हणून मेलेल्या ट्रामवाल्याच्या बायकोच्या खांद्यावर त्याने घंटा ठेवली आणि निवृत्त न्यायाधीशाच्या तोंडावर कलिंगडाची खाल्लेली फोड. त्याची प्रदर्शनं भरवणारा रमझी याला अतिवास्तववाद म्हणायचा. सनिय्या म्हणायची, आमचं खुळं.

सगळं तो हातांनी करायचा. दोऱ्या, काच, मेण, माशांचे सापळे. संगणकाला त्याने हात लावला नाही. मला त्याने माझा कोर्टातला काळा झगा घालून आरशाकडे तोंड करून बसवलं होतं, डोळ्यांच्या जागी दाराच्या दोन कड्या टांगल्या होत्या. वाटेल त्याने ठोठावावं, अशी मी! त्या चित्रात माझी फक्त हनुवटी दिसते आणि तिच्यावरचा तीळ, रोज सकाळी मी बघते तिथेच. ते चित्र पाहून मला पहिल्यांदा वाटलं होतं, हो, ही मीच.

इरिनी कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. सगळ्या किल्ल्या तिच्याकडे, त्यामुळे इहाबच्या माणसांनी तिला दोनदा रडवलं होतं.

"भांडण होतं का गं तुमचं?"

"होतं की. मला कॅनडाला जायचंय मामाकडे. तर म्हणाले, जा, तिथे बर्फाचे फोटो काढ, पांढऱ्यावर पांढरं." तिने नाक पुसलं. "पण तांत, ते मरणार नव्हते. पुढच्या महिन्यात नवीन प्रदर्शन होतं."

तिने भिंतीला टेकवलेली मोठी चित्रं वळवली. आंधळ्या माणसांची चित्रं होती ती. एक शिवणकाम करणारी बाई, एक म्हातारा कोळी, एक शाळकरी मुलगी. प्रत्येकाच्या डोळ्यांच्या जागी बाकी काही नव्हतं, फक्त एक पिवळा कॅनरी पक्षी.

"सगळ्यांना एकच पक्षी? हातिम असा आळशी कधीपासून झाला?"

"मीही तेच विचारलं. उस्ताद प्रत्येकाला विचारायचे, तुम्ही शेवटचं स्वच्छ काय पाहिलं, आणि तेच डोळ्यांवर ठेवायचे. पहिल्या चित्राला खूश होते. दुसऱ्याला गप्प झाले. तिसरं झालं त्या दिवशी दार लावून घेतलं आणि मला म्हणाले, इरिनी, घरी जा."

३

रमझी भेटला तो समुद्राकाठच्या कॉफीहाउसात. सुतकातही रेशमी रुमाल. माझ्याआधी त्यानेच विषय काढला.

"तुम्ही मला विचारणार, मेल्यावर चित्रांची किंमत चढेल का. चढेल. नाकारत नाही. पण उस्ताझा, दुभती म्हैस कोण कापतो? दर वर्षी नवीन काढत होता तो."

"शनिवारी संध्याकाळी कुठे होतास?"

"बायकोच्या माहेरी, सासूसमोर. याहून मोठी शिक्षा कोर्टही देत नाही."

"तुझंही चित्र काढलं होतं ना त्याने?"

"काढलं. त्या आरशासमोर तास न् तास ताटकळवलं आणि तोंडाच्या जागी कवडी चिकटवली. माझ्या पोरी अजून हसतात." मग त्याचा चेहरा उतरला. "हसवायचा हो. चांगला होता."

तिथून मी नागीच्या औषधाच्या दुकानात गेले, सनिय्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायचं निमित्त करून. दुकानात गर्दी होती. आमच्या भागात अर्धे लोक डॉक्टरकडे जातच नाहीत, नागीकडेच जातात आणि त्यालाच डॉक्टर म्हणतात. पैसे नसले तर तो मागत नाही. कुणाच्या कानात थेंब घाल, कुणाची जखम बांध, हसतमुखाने सगळं करतो. हातिमहून मोठा, देखणा, पांढरा कोट कडक इस्त्रीचा. मला पाहून त्याने गल्ल्यामागून येऊन माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं.

"आई कशी आहे, तांत? माझ्याशी बोलत नाही."

"कुणाशीच बोलत नाही. नागी, तो तुझ्यावर कशाने रागावला होता?"

"देवाला माहीत. त्याची खुळं रोज नवीन." त्याने गोळ्या पुडीत बांधल्या. "वडील गेले आणि त्याने हे सोंग सुरू केलं, तेव्हापासून मी त्याच्या त्या खुराड्यात पाऊल टाकलेलं नाही. कुणालाही विचारा. शनिवारी आईने पाठवलं म्हणून खालपर्यंत गेलो, घंटा वाजवली. त्याने उघडलं नाही. जिनासुद्धा न चढता परत आलो. चढलो असतो तर..."

त्याचा आवाज फाटला. तो खरा फाटला होता, यावर मी आजही पैज लावीन. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याच्या खांद्यावरून मला छताला एक आकडा दिसला, रिकामा, आणि खाली फरशीवर उरलेली कांगाच्या दाण्यांची टरफलं.

"इथे पक्षी होता ना रे तुझा? पिवळा?"

"मेला," नागी म्हणाला. "उकाडा केवढा आहे!"

त्या दिवशी समुद्रावरून इतका गार वारा सुटला होता की मी शाल घेऊन आले होते.

४

पक्षी मेला म्हणून माणसाला फासावर देता येत नाही. घरी गेले, झोप लागली नाही. सकाळी इहाबकडे गेले तर दारावरचा नवा शिपाई मला आत सोडेना. त्याच्या लेखी सगळ्या म्हाताऱ्या हाज्जा.

"हाज्जा, ओळखपत्र."

"अरे, तुझ्या साहेबाला लंगोटात..."

"ओळखपत्र, हाज्जा."

मी बडबडत पिशवीतून काढून त्याच्या तोंडासमोर धरलं, आणि माझीच नजर त्याच्यावर पडली. इतका कुरूप फोटो की मी तो कधी धड पाहिलाच नव्हता. आणि त्यात माझा तीळ हनुवटीच्या भलत्याच बाजूला होता.

तशीच इहाबच्या खोलीत शिरले आणि दार लोटून घेतलं.

"इहाब बे, तुझा तीळ कुठल्या बाजूला दिसतो?"

"मला तीळ नाही, उस्ताझा."

"नसू दे. ओळखपत्रात माणूस जगाला दिसतो तसा असतो. हातिमच्या चित्रात तो स्वतःला दिसतो तसा असतो, कारण हातिम माणसाचा फोटो काढतच नसे. तो आरशाचा फोटो काढायचा. मला आरशाकडे तोंड करून बसवलं आणि स्वतः कॅमेरा घेऊन माझ्या पाठीमागे, एका बाजूला उभा राहिला. रमझीलाही आरशासमोरच ताटकळवलं. सगळ्यांना तसंच. तुला कळतंय का मी काय म्हणते ते?"

त्याला कळत नव्हतं. मी त्याचा पेपरवेट त्याच्या उजव्या हातात दिला आणि त्याला हात धुवायच्या आरशासमोर उभं केलं.

"आरशातला इहाब कुठल्या हाताने धरतोय?"

"डाव्या..." तो म्हणाला आणि थांबला.

"पोस्टरवर दिवा डाव्या हातात दिसतो. म्हणजे ते चित्र काढताना हातिमने तो उजव्या हातात धरला होता. बूटही तसेच, उलटे. त्याने स्वतः ती बैठक पुन्हा मांडली असती, तर तुझ्या फोटोत तो पोस्टरच्या उलटा दिसला असता. तो तर हुबेहूब पोस्टर आहे. आणि खुर्ची? आरशाकडे पाठ. कॅमेरा सरळ खुर्चीकडे. आयुष्यात एकदाही ज्याने असा फोटो काढला नाही, तो मरताना काढेल, तोही फिल्म न घालता?"

इहाबने पेपरवेट मेजावर ठेवला. "गोळ्यांच्या गुंगीत उलटसुलट झालं असेल."

"गुंगीत माणूस सवयीने वागतो रे. सवय मोडायला शुद्ध लागते. त्याला कुणीतरी खुर्चीत बसवलं आणि चित्र आठवून आठवून सजवलं. अशा कुणीतरी, ज्याने चित्र पाहिलं होतं, पण चित्र काढताना कधीच पाहिलं नव्हतं."

"मग इरिनी नाही."

"नाही. ती झोपेतसुद्धा ते बरोबर मांडेल. रमझी नाही, तो स्वतः त्या आरशासमोर बसलाय. ज्यांची चित्रं काढली ते कुणीच नाहीत. त्या खोलीत ज्याने एकदा काम पाहिलं, त्याला आरसा विसरता येत नाही."

"मग उरलं कोण?"

मला उत्तर माहीत होतं. ते पोस्टर सनिय्याने मोठ्या कौतुकाने जेवणाच्या मेजासमोर लावलं आहे. दर शुक्रवारी त्याच्यासमोर बसून जेवणारा एक माणूस होता, आणि त्याने स्वतःच मला छातीठोकपणे सांगितलं होतं की त्या खोलीत त्याने कधी पाऊल टाकलं नाही. वडील गेल्यापासून नाही, हे त्याचं खरं होतं. खोटी होती ती फक्त शनिवारची संध्याकाळ.

५

"आरसा कोर्टात साक्ष देत नाही, उस्ताझा," इहाब म्हणाला. "भाऊ भावाला का मारेल?"

म्हणून आम्ही कर्मूझच्या गल्लीत गेलो, चित्रातल्या त्या शिवणकाम करणाऱ्या बाईकडे. झैनात तिचं नाव. आंधळी झाल्यावरही ती मशीनपुढेच बसली होती, कापडाची शिवण बोटांनी चाचपत.

"फोटोवाला गेला ना? ऐकलं मी," ती म्हणाली. "अल्ला त्याच्यावर रहम करो. वेडा होता."

"तुम्हाला त्याने काय विचारलं, झैनातबाई?"

"शेवटचं स्वच्छ काय पाहिलं म्हणून. मी म्हटलं, डॉक्टर नागीचा कॅनरी. डोळे लाल झाले होते, गेले दुकानात. डॉक्टरने आत नेलं, स्वतः बनवलेले थेंब घातले. म्हणाला, वर बघा, माझा पक्षी कसा उड्या मारतो. तो बघितला. मग धुकं. दुसऱ्या दिवशी दूध. मग काहीच नाही."

"तक्रार नाही केलीत?"

"कुणाची? डॉक्टरची? रडत आला होता तो माझ्या घरी. म्हणाला, रोगच वाईट होता, थेंबांनी नाही झालं. दर महिन्याला किराणा पाठवतो. त्या कोळ्याकडेही पाठवतो म्हणे, त्या पोरीच्या घरीही." तिने दोरा दातांनी तोडला. "फोटोवाल्याने विचारलं, कुठला कॅनरी, कुठल्या दुकानातला. मी सांगितलं, तर रडायलाच लागला. मी म्हटलं, अरे, डोळे माझे गेलेत, तू कशाला रडतोस?"

आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो.

हातिमचं सगळं जगणं माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. लोकांना एक वेडगळ प्रश्न विचारायचा आणि येईल ते उत्तर त्यांच्या तोंडावर चिकटवायचं, एवढाच त्याचा धंदा. अनोळखी माणसांनी एकामागून एक येऊन त्याच्या हातात त्याच्याच भावाचा पक्षी ठेवला. त्याने नागीला बहुधा मुदत दिली असावी, स्वतः जाऊन कबूल कर म्हणून. आणि शुक्रवारी आईने विचारलं तेव्हा तो गप्प बसला. आईला मोठा मुलगा गमवावा लागू नये म्हणून धाकट्याने शिव्या खाल्ल्या आणि उपाशी उठून गेला.

"आता पकडतो," इहाब म्हणाला. "पण पुराव्याने पकडलं पाहिजे. नाहीतर त्याचा वकील तो आरसा माझ्याच डोक्यावर फोडेल. दरवाजा त्या पोराने कसा उघडला असेल? पाणी पिणार नाही म्हणणारा माणूस औषध कसं गिळतो?"

ते मलाही कळत नव्हतं. उद्या शुक्रवार होता. नागी दुपारी आईकडे जेवायला येणार होता.

६

मी सनिय्याकडे लवकर गेले. स्वयंपाकघरात कांदा करपेपर्यंत तळल्याचा वास भरला होता, मासळीचा भात शिजत होता. नवरा मेला तेव्हाही हिने शुक्रवार चुकवला नव्हता.

मी जिन्यात ठरवलं होतं की हिला काही सांगायचं नाही. एक पोर गेलं, दुसरं मी नेऊ? पोलिसांना जे करायचं ते करू दे. पण तिने माझ्याकडे पाहिलं आणि झारा खाली ठेवला.

"तुला कळलंय."

"सनिय्या, विचारू नकोस."

"माझ्या बोलण्याने गेला?"

"नाही."

"शपथ घे."

"त्याने जीव दिला नाही. त्याला मारलं. तोंड त्याने झाकलं नाही, मारणाऱ्याने झाकलं."

तिने ओट्याची कड धरली. एक मोठा श्वास तिच्या छातीतून निघाला, आठवडाभर कोंडलेला. मग ती हळूच म्हणाली, "मग माझं भांडं का परत पाठवलं त्याने? एवढा राग?"

ते निळ्या काठाचं भांडं तसंच पालथं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं.

"त्यात काय होतं, सनिय्या?"

"तांदळाची खीर. मस्तकीचा सुवासिक डिंक घालून, त्याला आवडते तशी. नागीच्या हाती दिली, म्हटलं, भावाला सांग, आई वाट बघते. नागी म्हणाला, दार उघडलं नाही, खीर नासली, मांजरांना घातली. भांडं धुऊन आणलं बिचाऱ्याने."

गोड दूध-भात, इहाब म्हणाला होता. मरायच्या आधी पुष्कळ जण गोड खातात. मी तोंडावर हात ठेवला. वकिली केली, खुनी पाहिले, पण त्या क्षणी मला जे वाटलं ते मी कुणाला सांगू शकणार नाही. आईने पाठवलं म्हटल्यावर हातिमने दार उघडलं होतं. नागीच्या हातचं पाणी तो पिणार नव्हता, पण खीर आईच्या हातची होती.

 सनिय्या माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती म्हातारी झाली.

दारात किल्ली फिरली. नागी आला, हातात तिच्या औषधांची पुडी. खाली जिन्यात इहाब उभा होता, आणि त्याची पोलिसांची गाडी खिडकीतून सनिय्यालाही दिसत होती. नागी त्याच्यासमोरूनच वर आला असणार. तो मेजाशी आला, पोस्टरकडे पाठ होईल अशी खुर्ची त्याने ओढली. आठवडाभरापूर्वीपर्यंत तो समोरच्या खुर्चीत बसायचा.

सनिय्याने ते भांडं आणून त्याच्यासमोर ठेवलं.

"किती खाल्ली त्याने?" तिने विचारलं.

नागीने माझ्याकडे पाहिलं, मग भांड्याकडे. मला वाटलं आता खोटं बोलेल. त्याला छान बोलता येतं. पण तिचा आवाज चढला नव्हता, पोरगं शाळेतून आल्यावर डबा संपवला का विचारावं तसा होता, आणि त्या आवाजाला तो जन्मभर खरंच उत्तर देत आला होता.

"सगळी," तो म्हणाला.

"काही म्हणाला?"

"म्हणाला, आईला सांग, शुक्रवारी येतो." नागीने भांडं दूर सरकवलं. "आई, त्याने मला संपवलं असतं. दुकान, पोरं, सगळं. मी मुद्दाम नव्हतं केलं त्या लोकांना. थेंब बिघडले होते, मला कळलं नाही. मी त्याच्या पाया पडलो. तो म्हणाला, आधी त्यांच्या पाया पड."

"तोंड का झाकलंस?"

"मला बघवेना गं."

सनिय्याने मान हलवली. तिने ताटात भात वाढला, वर मासा ठेवला, लिंबू पिळलं आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं.

"जेव," ती म्हणाली. "मग खाली ते उभे आहेत, त्यांच्याबरोबर जा."

त्याला घास उतरला नाही. तो उठला, आईच्या हाताचं चुंबन घ्यायला वाकला, पण तिने हात मागे घेतला. जिन्यावर त्याच्या आणि इहाबच्या बुटांचा आवाज खाली जात राहिला, मग रस्त्यावरचा भाजीवाला ओरडला आणि तो आवाजही ऐकू येईनासा झाला.

मी तिला खुर्चीत बसवलं. तिने भांडं मांडीवर घेतलं.

"सगळी खाल्ली म्हणाला ना?"

"हो."

"बोटाने पुसून खाल्ली असेल. लहानपणापासून तसाच खायचा," सनिय्या म्हणाली, आणि रडायला लागली.